स्क्रीन काढण्याआधी : हेडलेस सर्व्हर पहिल्यांदा उभा करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात अडत दुकानं, सीएंची ऑफिसं, लहान कारखाने यांच्याकडे मी लिनक्सचे छोटे सर्व्हर बसवून देतो. बसवल्यावर जे फोन येतात ते फिरून फिरून त्याच प्रश्नांचे. हल्ली कॉलेजची पोरंही जुनं मशीन घेऊन घरीच सर्व्हर करायला बघतात, त्यांचंही तेच. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. इथलं सगळं डेबियन आणि उबुंटू हे लिनक्सचे दोन प्रकार धरून आहे. फ्रीबीएसडी या युनिक्सच्याच दुसऱ्या वंशाचा फरक मोठा असेल तिथे तेवढं सांगितलंय.

हेडलेस म्हणजे नेमकं काय?

मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही. विजेची एक वायर आणि नेटवर्कची एक. बाकी जे काही करायचं ते दुसऱ्या कॉम्प्युटरवरून. माझ्या एका गिऱ्हाइकाने पहिल्याच दिवशी त्याचं ‘बिनडोक’ असं बारसं केलं. नाव इतकं चिकटलं की त्या मशीनचं होस्टनेमही आता तेच आहे.

लिनक्स ज्याच्या वळणावर बेतलंय त्या युनिक्सला हे नवं नाही. १९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते लिहायला घेतलं. पुढे एक मशीन आणि त्याला तारांनी जोडलेली बरीच टर्मिनलं, अशीच त्याची रीत पडली. समोर स्क्रीन हवीच, ही सवय आपली आहे.

कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. तशाच टाइप करायच्या का?

नाही हो. इथे उच्चार दिलाय, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायचं, तेही मी मोठं म्हटलं नसेल तिथे लहान लिपीत. फोनवर मी लोकांना जसं सांगतो तसंच इथे लिहिलंय. मोठी आणि लहान अक्षरं युनिक्सला वेगळी वाटतात, एवढं एक डोक्यात ठेवा.

म्हणजे मॉनिटर अजिबात लागत नाही ना?

पहिल्या दिवशी लागतो. कुणाचा तरी उसना आणा, टीव्हीला एचडीएमआय लावा, काहीही करा. आणि एकदा लावला की काढायची घाई करू नका.

माझा नियम असा : मशीन चालू असताना सरळ विजेची वायर उपटायची. शटडाउन वगैरे काही नाही. मिनिटभर थांबायचं, वायर परत लावायची आणि हात मागे बांधून उभं राहायचं. बटण दाबायचं नाही, कीबोर्डला हात लावायचा नाही. मशीन आपोआप सुरू झालं, नेटवर्कवर आलं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्यात शिरता आलं, की एकदा झालं. मग मॉनिटर आणि कीबोर्ड काढून हेच पुन्हा करायचं. दुसऱ्यांदाही उठलं तरच मशीन जागेवर न्यायचं. अर्थात हे नव्या, रिकाम्या मशीनवर. त्यात कुणाचा हिशोब असेल तर असले खेळ करू नका.

खालचे बरेचसे प्रश्न ही परीक्षा नापास का होते, याचेच आहेत.

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचं मात्र वेगळं आहे. त्याचं कार्ड तुमच्या लॅपटॉपवर इमेजर वापरून तयार करतानाच होस्टनेम (मशीनचं नाव), युजर, वायफाय आणि एसएसएचची (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरायची सोय) किल्ली भरता येते, म्हणून तिथे खरंच मॉनिटर लागत नाही. जुन्या लेखांत दिलेला ‘पाय’ हा तयार युजर मात्र शोधत बसू नका. २०२२ पासून तो काढून टाकलाय.

कोणतं मशीन घ्यावं? जुना लॅपटॉप चालेल का?

फायली ठेवणं, बॅकअप, एखादा छोटा डेटाबेस एवढंच काम असेल तर ऑफिसातून निघालेला सेकंडहँड डेस्कटॉप भरपूर झाला. चार जीबी रॅमवर डेबियन, डेस्कटॉपशिवाय, मजेत चालतं. पैसे टाकायचेच असतील तर आधी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका.

लॅपटॉप चालतो, आणि बॅटरी असल्यामुळे यूपीएस फुकटात मिळतो असं वाटतं. दोन गोष्टी बघा. एक, झाकण मिटलं की तो झोपतो. ईटीसी फोल्डरात सिस्टिमडीच्या आत लॉगइनडीची कॉन्फिग फाइल असते, तिथे ‘हँडल लिड स्विच’ (सलग, एच, एल, एस मोठे) पुढे ‘इग्नोर’ लिहावं लागतं. दोन, वर्षभर चार्जरला लावून ठेवलेली जुनी बॅटरी फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखं दिसलं की त्याच दिवशी बॅटरी काढा.

इन्स्टॉल करताना कुठे चुकतं?

डेबियनमध्ये दोन जागी. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी युजरचा, पासवर्ड विचारला की लोक भक्तिभावाने भरतात. तो भरला की इन्स्टॉलर तुमच्या युजरला सुडोचा, म्हणजे गरजेपुरता रूट होण्याचा, अधिकार देत नाही, आणि नंतर ‘सुडो : कमांड सापडली नाही’ म्हणून फोन येतो. ती जागा रिकामी सोडा, म्हणजे सुडो आपोआप येतं. दुसरी जागा म्हणजे शेवटची सॉफ्टवेअर निवडायची यादी. तिथे डेस्कटॉपवरच्या खुणा काढायच्या आणि एसएसएच सर्व्हरवर खूण करायची. उलटं झालं तर सुंदर वॉलपेपर असलेलं पण बाहेरून न उघडणारं मशीन मिळतं.

उबुंटू सर्व्हरमध्येही ‘ओपनएसएसएच इन्स्टॉल करा’ ही खूण आपणहून करावी लागते. त्याचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडायची एक पद्धत) वापरतो आणि मोठ्या डिस्कचा सगळा भाग रूटला (इथे युजर नव्हे, सिस्टिम बसते तो डिस्कचा भाग) देत नाही. एक टीबीची डिस्क घालून शंभर जीबीच दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडू नका, त्याच पडद्यावर रूटचा आकार वाढवा.

कीबोर्ड यूएस निवडा. कुणीतरी यूके निवडतो, मग अ‍ॅट आणि अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते, आणि पासवर्ड मॉनिटरसमोर एक आणि एसएसएचवरून दुसरा असा भास होतो. पासवर्ड टाइप करताना दिसत नसल्यामुळे हे लवकर उमगत नाही.

फ्रीबीएसडीमध्ये सुडो मुळात नसतंच, वेगळं घालावं लागतं. शिवाय रूट व्हायचं तर युजर ‘व्हील’ या ग्रुपमध्ये हवा. इन्स्टॉलर ग्रुप विचारतो तेव्हाच लिहून टाका.

सर्व्हरचा आयपी पत्ता शोधायचा कसा?

मॉनिटर लावलेला असताना ‘आयपी ए’ टाइप करा, दिसेल. काढला असेल तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे होस्टनेमवरून ओळखा. म्हणून होस्टनेम नीट द्या. यादीत सातआठ मोबाइल आणि ‘लोकलहोस्ट’ नावाचे तीन डबे दिसले तर काय कळणार?

हा पत्ता कायम राहायला हवा. मी सर्व्हरवर पत्ता ठोकत नाही, राउटरमध्ये त्या मशीनच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) एक आयपी पत्ता राखून ठेवतो. उद्या राउटर बदलला आणि १९२.१६८.१ चं १९२.१६८.० झालं, तरी मशीन निमूटपणे नवा पत्ता घेतं. पत्ता मशीनवर ठोकला असता तर त्या दिवशी मॉनिटर घेऊन जावं लागलं असतं. वायर लावता येत असेल तर वायफायच्या नादाला लागू नका.

पहिल्यांदा जोडताना ‘ही किल्ली ओळखीची नाही, पुढे जायचं का’ असं विचारतो. ‘यस’ म्हणायचं ना?

म्हणायचं, पण वाचून. सर्व्हर स्वतःची ओळख दाखवतो आणि तुमचा कॉम्प्युटर ती पहिल्यांदाच बघतो, म्हणून हा प्रश्न. मॉनिटर लावलेला आहे तोवरच सर्व्हरवरून त्या किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) वाचून घ्या आणि जुळवून बघा. पुढे कधी ‘ओळख बदलली आहे’ असा आरडाओरडा झाला आणि तुम्ही नुकतंच मशीन नव्याने इन्स्टॉल केलं असेल, तर ‘एसएसएच-कीजेन’ ला मोठा आर आणि पत्ता देऊन जुनी नोंद काढा. काहीच केलं नसताना ओरडला, तर मात्र थांबा आणि चौकशी करा.

पासवर्ड चांगला अवघड ठेवलाय. मग किल्ली कशाला?

एसएसएच जन्मलंच पासवर्ड चोरीतून. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड कुणीतरी टिपले, म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. नेटवर्कची दारं म्हणजे पोर्ट, त्यांना नंबर असतात : फाइल पाठवायचं एफटीपी २१ वर, लांबून शिरायचं जुनं टेलनेट २३ वर, आणि मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला.

किल्लीची जोडी (पासवर्डऐवजी वापरायच्या दोन फाइली) तुमच्या लॅपटॉपवर बनवा. प्रकार ईडी २५५१९. खाजगी अर्धा लॅपटॉपवरच राहतो, त्याला वेगळा परवलीचा शब्द घाला. सार्वजनिक अर्धा ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ ने सर्व्हरवर पाठवा. किल्लीने आत जाता आलं, हे डोळ्यांनी बघितल्यावर मगच पासवर्डने शिरणं बंद करा.

इथे एक खोच आहे. उबुंटूमध्ये मुख्य कॉन्फिग फाइलीच्या सुरुवातीलाच शेजारच्या फोल्डरातल्या छोट्या फाइली वाचल्या जातात, आणि एसएसएचचा सर्व्हर जी किंमत पहिल्यांदा दिसेल तीच धरतो. छोट्या फाइलीत ‘पासवर्ड चालेल’ लिहिलं असेल, तर मुख्य फाइलीत तुम्ही कितीही ‘नो’ लिहा, उपयोग शून्य. म्हणून फाइल वाचून विश्वास ठेवू नका. ‘सुडो एसएसएचडी’ ला डॅश आणि मोठा टी द्या, प्रत्यक्षात काय लागू आहे ते सगळं छापून येतं. लहान टी दिला तर कॉन्फिगमध्ये चूक आहे का, एवढंच तपासतो. रीस्टार्टच्या आधी दोन्ही करा.

एसएसएचची सेटिंग बदलली, रीस्टार्ट केलं, आता आत जाताच येत नाही. काय करू?

जुनी खिडकी बंद केली नसेल तर काही बिघडलेलं नाही. एसएसएच रीस्टार्ट झालं तरी आधीचं कनेक्शन तुटत नाही. बदल करताना एक खिडकी उघडी ठेवायची आणि दुसऱ्या नव्या खिडकीतून आत जाऊन बघायचं. नवी उघडली की मगच जुनी मिटवायची. हा नियम मी पोरांना पाठच करायला लावतो. खिडकी बंद केली असेल तर पुढचा प्रश्न वाचा, म्हणजे तुम्ही एकटे नाही हे कळेल.

फायरवॉल कधी लावायची?

मशीनसमोर बसलेले असताना. घरून नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात सर्व्हर बसवून विश्रामबागेत घरी आलो. रात्री जेवण झाल्यावर आठवलं की फायरवॉल राहिलीये. शिरलो आणि यूएफडब्ल्यू, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी फायरवॉल, एनेबल केलं. ‘चालू एसएसएच कनेक्शनवर परिणाम होऊ शकतो, पुढे जायचं का’ असं त्याने सभ्यपणे विचारलं, मी वाय दाबला. खिडकी तशीच चालू राहिली. वाटलं झालं काम. ‘एक्झिट’ म्हणालो आणि झोपलो. चालू कनेक्शन पुष्कळदा तसंच टिकतं, आणि फसगत होते ती त्यानेच. सकाळी शिरायला गेलो तर दार बंद. बावीस नंबर उघडा ठेवायची ओळ मी लिहिलीच नव्हती.

रविवार होता. शटरची किल्ली मालकांकडे आणि मालक लग्नाला जतला. दिवाणजींना फोन केला तर ते म्हणाले, “अहो, काल शटर ओढताना डबा तर चालूच होता की! लाइट लुकलुकत होती.” लुकलुकत होती खरी. सोमवारी सकाळी मॉनिटर मांडीवर घेऊन रिक्षाने गेलो, पोत्यावर ठेवून जोडला आणि एक ओळ टाइप करून परत आलो. गेलो-आलो त्या रिक्षाचे पैसे मागायला तोंड नव्हतं.

तेव्हा आधी ‘यूएफडब्ल्यू अलाऊ एसएसएच’, मग ‘एनेबल’. आणि लांबून करायचीच वेळ आली तर आधी परतीची दोरी बांधा : पाच मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद होईल अशी कमांड टीमक्सच्या (तुमचं कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सत्रात सोडून द्या, म्हणजे स्लीप तीनशे आणि त्यापुढे यूएफडब्ल्यू डिसेबल. नव्या खिडकीतून आत जाता आलं की ती दोरी कापा. उबुंटूवर नेटवर्कची सेटिंग बदलताना ‘नेटप्लॅन ट्राय’ हेच काम करतं. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर जुनी सेटिंग परत आणतं. ‘अप्लाय’ ऐवजी ‘ट्राय’ लिहायला उलट दोन अक्षरं कमीच लागतात.

लाइट गेली आणि आली, पण सर्व्हर उठलाच नाही. का?

सगळ्यात जास्त येणारा फोन हाच. कारणं बरीच असतात, सहसा या क्रमाने सापडतात.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारी मदरबोर्डाची सेटिंग) ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ अशी एक ओळ असते. कारखान्यातून ती बहुधा ‘बंदच राहा’ वर येते. ती ‘चालू हो’ वर करा. नाव प्रत्येक बोर्डावर वेगळं असतं, पण त्यात बहुधा एसी किंवा पॉवर हा शब्द असतो.

मग तो सुप्रसिद्ध विनोद : कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. हेडलेस मशीन बिचारं त्या एफ-वनची जन्मभर वाट बघत बसतं. बायोसमध्ये ‘चुका दिसल्या तर थांबायचं का’ अशी ओळ असेल, तिथे ‘थांबू नको’ किंवा ‘कीबोर्ड सोडून’ निवडा.

हे दोन्ही करूनही महिन्याभराने पुन्हा तेच झालं, तर मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदला. सीआर २०३२, घड्याळवाल्याकडेही मिळतो. बऱ्याच जुन्या बोर्डांत हा सेल मेला की वीज गेल्यावर बायोस सगळं विसरतो, तुमची वरची दोन्ही सेटिंगंसुद्धा, आणि वर ‘तारीख चुकीची आहे, एफ-वन दाबा’ म्हणून थांबतो. सेकंडहँड मशीन घेतलं की मी काही न बघता आधी हा सेल बदलतो. एवढ्याशा वस्तूसाठी किती हेलपाटे घालायचे?

मशीन चालू होतं पण नेटवर्कवर येत नाही, असं असेल तर एफएसटॅब, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ती यादी, बघा. बॅकअपसाठी लावलेली यूएसबी डिस्क तुम्ही तिथे लिहिलेली असते आणि कुणीतरी ती काढून नेलेली असते. सिस्टिम दीड मिनिट तिची वाट बघते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते, जिथे एसएसएच नसतंच. त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घाला, आणि डिस्क एसडीबी अशा नावाने न लिहिता यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळखक्रमांकाने, लिहा. नावं बदलतात, यूयूआयडी बदलत नाही.

आणि एकदा यातलं काहीच नव्हतं. हमालाने सर्व्हरचा प्लग काढून मोबाइल चार्जिंगला लावला होता. त्यानंतर मी स्विचवर पट्टी चिकटवतो : हा स्विच बंद करू नये.

यूपीएस किती मोठा घ्यावा?

सहाशे व्हीएचा साधा यूपीएस छोट्या सर्व्हरला काही मिनिटं पुरतो. त्याचं खरं काम मशीन नीट बंद व्हायला वेळ देणं. त्यासाठी यूएसबीची वायर सर्व्हरला जोडून ‘नट’ नावाचं पॅकेज घालावं लागतं. ते न घालता यूपीएस ठेवला तर वीज जाते तीच, फक्त दहा मिनिटं उशिरा. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर लावत असाल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर पालटताना मशीन रीस्टार्ट होतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग बघा, सर्व्हरचं नंतर.

डिस्क एन्क्रिप्ट करावी का?

सगळी डिस्क एन्क्रिप्ट केली की प्रत्येक वेळी सुरू होताना पासवर्ड लागतो, आणि तो टाइप करायला तिथे कीबोर्डच नाही. ड्रॉपबेअर हा चिमुकला एसएसएच सर्व्हर घालून सुरू होतानाच एसएसएचवरून पासवर्ड देता येतो, मी दोन ठिकाणी तसं केलंयही. पण वीज वारंवार जाते तिथे प्रत्येक वेळी तुम्ही फोनजवळ असायला हवं. दुकानांसाठी मी सिस्टिम उघडी ठेवतो आणि फक्त डेटाचा भाग एन्क्रिप्ट करतो. मशीन निदान उठतं, नेटवर्कवर येतं, मग सावकाश आत जाऊन डेटा उघडायचा. सीएंच्या ऑफिसात मात्र लोकांचे पॅन आणि पासबुकं असतात. तिथे हा त्रास घ्यावाच, असं माझं मत.

घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतंय.

सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) आहे, बिघडलेला नाही. ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन’ पुढे एशिया/कोलकाता (ए आणि के मोठे) द्या. मुंबई, पुणे शोधू नका, साऱ्या भारतासाठी ते एकच नाव आहे. घड्याळ वर्षंच्या वर्षं मागे असेल तर वरचा सेलच मेलाय. मग अपडेट करताना ‘ही फाइल अजून वैध नाही’ अशी विचित्र तक्रार येते, आणि लोक इंटरनेटला शिव्या घालतात.

दुकानाबाहेरून, घरून, सर्व्हरमध्ये कसं शिरायचं?

आधी राउटरला बाहेरून कोणता पत्ता मिळालाय ते बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुमचा पत्ता स्वतंत्र नाही. कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं बसवते. मग राउटरवर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कुणी आत येत नाही. पैसे भरून स्टॅटिक आयपी मागा, नाहीतर टेलस्केलसारखं काहीतरी वापरा, जिथे तुमचं मशीनच बाहेर जाऊन जोडणी करतं.

स्टॅटिक आयपी असला तरी बावीस नंबर उघड्यावर टाकू नका. वायरगार्ड हा व्हीपीएन (घरापासून दुकानापर्यंतचा बंद बोगदा) लावा. २०२० मध्ये ५.६ आवृत्तीपासून ते लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे, कॉन्फिग दहाबारा ओळींची. बावीस उघडा टाकून लॉग बघितला तर रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल अशा नावांनी जगभरातून दार ठोठावणं चालू दिसेल. बावीसचा २२२२ केल्याने ही ठकठक कमी होते, कुलूप काही मजबूत होत नाही. शिवाय उबुंटू २४.०४ वर पोर्ट बदलायचा तर एसएसएचचं सॉकेट युनिटही (पोर्टवर कान देऊन बसणारा भाग) रीस्टार्ट करावं लागतं. ते माहीत नसलेले लोक तासन्‌तास फाइल तपासत बसतात.

अपडेट आपोआप होऊ द्यावेत का?

सुरक्षेचे होऊ द्या. ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज त्यासाठीच आहे. मोठ्या आवृत्तीवर उडी मात्र हाताने, टीमक्समध्ये, आणि शक्यतो मशीनजवळ बसून. टीमक्स अशासाठी की मधेच तुमचं नेट गेलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं.

सर्व्हर दुकानात कुठे ठेवू?

पुण्यात हा प्रश्न कुणी विचारत नसेल. सांगलीत आधी हाच विचारावा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. २००५ आणि २०२१ चे पूरही लोक विसरलेले नाहीत. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक या भागात तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेला सर्व्हर म्हणजे पावसाळ्यात नदीकाठी ठेवलेली वही. वरच्या मजल्यावर न्या. ते जमत नसेल तर निदान खांद्याच्या वर भिंतीत ब्रॅकेट मारून ठेवा. वजन किती, वायरी किती, एकट्या माणसाला अंधारात काढून नेता येईल का, हे बघूनच जागा ठरवा. माझ्याकडच्या नदीकाठच्या मशीनना दोनच वायरी आहेत आणि दोन्ही वेगळ्या रंगाच्या.

हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद सुरक्षित ठेवायची ती उत्तम पद्धत होती. २००५ च्या पुराचं पाणी आत शिरलं आणि माल गेला. एकाच जागी सगळं ठेवलं की असं होतं.

मग बॅकअप मिरजेला ठेवला तर?

मिरजही कृष्णेकाठीच आहे, आणि त्याच वादळात दोन्हीकडची वीज जाते. विट्याला, जतला, पाहुण्यांकडे साताऱ्याला, कुठेही चालेल, फक्त त्याच नदीच्या त्याच पुरात सापडणारं ठिकाण नको. रोज रात्री रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या प्रोग्रॅमने बदललेला भागच जातो, त्यामुळे साधं नेटही पुरतं. हे दोन्ही एन्क्रिप्ट करून पाठवतात. त्याची किल्ली कागदावर लिहून दुसऱ्या घरात ठेवा. ती फक्त बुडालेल्या सर्व्हरवर असेल तर बॅकअप असून नसल्यासारखा.

महिन्यातून एकदा एखादी फाइल परत काढून बघा. एका ऑफिसात सात महिने रोज ‘यशस्वी’ असा मेल येत होता आणि बॅकअप होत होता रिकाम्या फोल्डरचा. वर सांगितलेली डिस्क जोडलेलीच नव्हती, ‘नोफेल’ मी घातला होता आणि त्यामुळे मशीन तक्रार न करता सुरू होत होतं. तेव्हापासून बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ ही : डिस्क खरंच जोडलेली आहे का, नसेल तर ओरड.

फायलींची नावं मराठीत ठेवली तर चालतं का?

चालतं. लोकेल (भाषेची सेटिंग) यूटीएफ-८ असलं की झालं. काही टर्मिनलांत जोडाक्षरं फुटलेली दिसतात, वेलांटी भलतीकडे जाते, पण फाइल शाबूत असते. लॉग आणि चुकांचे संदेश मात्र इंग्रजीत राहू द्या. ‘परवानगी नाकारली’ असं शोधून उत्तरं सापडत नाहीत, हे दुर्दैव आहे पण खरं आहे.

मशीन फार गरम होतं आणि पंखा ओरडतो.

उघडून बघा. हळदीच्या दुकानात उघडलं तर आतला हीटसिंक पिवळाधमक निघतो. हळदीची पूड बारीक आणि चिकट, दमट दिवसांत तिचा थरच बसतो. दर तीन महिन्यांनी मशीन बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून, ब्लोअर मारायचा. पाती न धरता हवा मारली की पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. मास्क लावा. मी एकदा लावला नव्हता, दोन दिवस शिंका आणि शर्टाचा रंग कायमचा गेला. गूळ किंवा बेदाण्याच्या गोदामात धुळीपेक्षा मुंग्यांचा त्रास जास्त.

सगळं झालं. आता मॉनिटरचं काय करायचं?

विकू नका. तो सर्व्हरच्याच खोलीत, कपाटावर, पुराच्या पातळीच्या वर ठेवा. सोबत एका पिशवीत त्याची केबल, एक यूएसबी कीबोर्ड आणि इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह. मशीनला फक्त डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर मधला अ‍ॅडॉप्टरही आत्ताच घेऊन त्याच पिशवीत टाका. पिशवीवर मार्करने ‘सर्व्हर’ असं लिहा, नाहीतर कीबोर्ड बिलिंगच्या कॉम्प्युटरला जातो. आणि दिवाणजींकडे शटरची एक जादा किल्ली ठेवायला मालकांना सांगा.